उभी बेरीज, आडवी बेरीज

आमच्या वर्गात सगळ्यात कमी मुलं कोणत्या वारी असतात, असं परवा नव्यानं रुजू झालेल्या एका मॅडमनी विचारलं. सोमवार किंवा शनिवार असं काहीतरी उत्तर त्यांना अपेक्षित असावं. मी म्हटलं, वार बघू नका, नळ बघा.

सोलापूरच्या बाहेर राहणाऱ्यांना हे कळायला जरा वेळ लागतो. आमचं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येतं आणि आमच्या भागात ते रोज येत नाही. चार दिवसांआड, कधी पाच. पहाटे चारला येईल, सकाळी नऊला येईल, गल्ली बदलली की वेळ बदलते. त्या दिवशी घरातला प्रत्येक हात कामाला लागतो. आई मोटर लावते, थोरली पाइप धरते, आजी घागरी सरकवते आणि आठ वर्षांच्या पोराला बॅरलपाशी उभं करतात, भरत आलं की ओरडायला. हा पोरगा माझ्या तिसरीच्या वर्गातला. साडेदहाची घंटा होते, परिपाठ होतो, आणि अकराच्या सुमाराला तो ओल्या चड्डीनं दारात उभा राहून सांगतो, "पाणी आल्तं बाई." ह्याला रागावून काय मिळवायचं? पुढचे चार दिवस घरात जे पाणी प्यायचं, ते भरायला तो थांबला होता.

मी पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. अशोक चौकाच्या पुढं, जिथं दर दुसऱ्या गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो, तो भाग. मुलं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी, आणि भांडताना तिन्ही. वडील मागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळते. "पालकांना शाळेची कदरच नाही" हे वाक्य मी शिक्षकांच्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकते आणि मला ते पटत नाही. ज्या बाईनं स्वतः चौथीत शाळा सोडून विड्या वळायला घेतल्या, तिला कदर नसेल असं कसं म्हणायचं? तिला सकाळच्या वेळी घरात दोन हात कमी पडतात. ते दोन हात ती घरातल्या सगळ्यात लहान चालत्या-बोलत्या माणसाकडून घेते. गैरहजेरीची निम्मी गोष्ट इथंच संपते.

हजेरीचा कॅटलॉग प्रत्येक शिक्षकाकडे असतो. आता मोबाईलवरही हजेरी भरावी लागते. दोन्हीकडं फक्त आकडा मागतात. का आला नाही, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून मी एक शंभरपानी वही घातली आहे. त्यात नाव, यायची वेळ आणि कारण, तेही मुलाच्या तोंडच्या शब्दांत. "पाणी." "बारक्याला सांभाळली." "आई ब्रँचला गेल्ती" (ब्रँच म्हणजे विडी कंपनीचं केंद्र, वळलेल्या विड्या तिथं द्यायच्या). "चप्पल तुटली." "मामाच्या गावाला." "उठलोच नाही." आणि आमचं सोलापूरचं खास उत्तर, "काय की." तेही मी तसंच लिहिते, कारण "काय की" सारखं सारखं येऊ लागलं की त्या घरी जायची वेळ आलेली असते.

कॅटलॉगात रोज खाली उभी बेरीज करतात. पटावर बत्तीस, हजर एकोणतीस, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर. छान. कार्यालय खूश, मुख्याध्यापक खूश. पण ते गैरहजर तीन रोज वेगवेगळे आहेत की रोज तेच तीन, हे उभ्या बेरजेतून दिसत नाही. त्यासाठी ओळ आडवी वाचावी लागते, एकेका मुलाची, महिन्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले. महिन्यातून दोन दिवस बुडवणारं मूल कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण दहा महिन्यांत त्याचे वीस दिवस गेले, म्हणजे दहा टक्के शाळा गेली. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ह्याच दहा टक्क्यांना धोक्याची रेषा मानतात. आमच्याकडं ह्याच मुलाला 'नियमित' म्हणतात.

उशिराचं गणित तर कुणी मांडतच नाही. मी एकदा पालकसभेत फळ्यावर मांडून दाखवलं. रोज वीस मिनिटं उशीर, गुणिले २०० दिवस, म्हणजे ४००० मिनिटं. तास झाले सहासष्टच्या वर. कायद्याच्या हिशेबानं दिवसाचे चार तास धरले तर जवळजवळ सतरा दिवस. म्हणजे एकही दिवस न बुडवता सतरा दिवसांची गैरहजेरी. मागं बसलेला एक बाप, मागावरचा कामगार, पटकन म्हणाला, "म्हणजे आमच्या भाषेत हप्त्यातनं, आठवड्याच्या पगारातनं, कापला की ओ बाई." होय, तसंच.

ह्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला त्या सतरा दिवसांपेक्षा जास्त टोचते. हे सतरा दिवस सगळ्या विषयांतून थोडे थोडे जात नाहीत. आमच्याकडं परिपाठानंतर पहिला तास भाषेचा, वाचनाचा. त्यामुळं रोज उशिरा येणाऱ्या मुलाचं गणित शाबूत राहतं, खेळ शाबूत राहतो, खिचडी तर राहतेच, आणि वाचन तेवढं वर्षभर कापलं जातं. घरी तेलुगू बोलणारं मूल मराठी वाचायला शिकतंय आणि त्याचा तोच तास रोज जातोय. मग तिसरीच्या शेवटी आपण म्हणतो, ह्याला वाचताच येत नाही. ह्या वर्षी मी तासांची अदलाबदल केली. आठवड्यातले तीन दिवस वाचन दुसऱ्या तासाला. अशा बदलाला कुणाची परवानगी लागत नाही आणि पैसा तर नाहीच नाही.

आता फाटकाबद्दल. ह्यावर माझं आणि माझ्या निम्म्या सहकाऱ्यांचं जमत नाही.

मी आधी ज्या शाळेत होते (नाव सांगणार नाही, आणि विचारूही नका) तिथं राष्ट्रगीत सुरू झालं की फाटक बंद व्हायचं. हेतू चांगलाच होता, मुलांना वेळेची किंमत कळावी. पाच मिनिटं उशिरा आलेली मुलं बाहेर ताटकळायची, परिपाठ संपला की आत यायची, जरा बोलणी खायची. आणि वीस मिनिटं उशीर झालेली? ती चौकातूनच फाटकाकडं बघायची. बंद दिसलं की वळायची. घरी परत जायची सोय नाही, आई मारेल. मग देवळामागं गोट्या, नाहीतर कारखान्याच्या भिंतीपाशी सुताच्या रिकाम्या कोनांशी खेळ, आणि शाळा सुटायच्या वेळी दप्तर पाठीला लावून घरी. घरच्यांना वाटतं पोरगं शाळेत गेलं. कॅटलॉगवर गैरहजर. वर्षअखेरीला तिथं मोठ्या अभिमानानं सांगितलं गेलं की उशिरा येण्याचं प्रमाण कमी झालं. खरंच झालं होतं. उशिरा येणारी मुलं येईनाशीच झाली होती.

कान धरून उभं करणं, मैदानाला फेऱ्या मारायला लावणं हे आता कायद्यानंच बंद आहे. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं. तरी एक शिक्षा अजून सगळीकडं चालते आणि ती शिक्षा आहे असं कुणाला वाटतही नाही. वर्गाच्या दारात उभं करून सगळ्यांसमोर विचारायचं, "काय रे, का उशीर?" आणि तीस पोरं वळून बघणार. त्या मुलाला खरं सांगायचं असतं की वडील रात्री दारू पिऊन आले आणि कुणालाच झोपू दिलं नाही. ते तो सांगेल का? तो म्हणणार, "काय की."

आमच्याकडं आता साधा रिवाज आहे. उशिरा आलेल्यानं मागच्या दारानं यायचं, जागेवर बसायचं, शेजाऱ्यानं त्याला पान दाखवायचं. मी बघून मान हलवते, बस्स. विचारायचं ते मधल्या सुट्टीत, हात धुताना, दोघंच असताना. वहीतली सगळी खरी कारणं मला नळाच्या कट्ट्यावर मिळालेली आहेत.

"मग वेळेवर यायचं कारण काय उरलं?" असं आमचे एक सर मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की सुरुवातीला काहीतरी चुकण्यासारखं ठेवा. आमचा परिपाठ पूर्वी ठरल्याप्रमाणं चालायचा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, आणि एक बोधकथा, जी वाचणाऱ्या मुलालाही कळत नसे. बाकी सगळं तसंच ठेवलं, बोधकथेच्या जागी मी वर्गात गेल्या गेल्या एक लांबलचक गोष्ट सुरू केली. वाचनपेटीतलं पुस्तक, रोज दोनच पानं. नेमकी विहिरीत कोण पडलं ते कळायच्या आधी पुस्तक मिटायचं. पोरं बोंबलतात. बोंबलू द्यायचं. जी उशिरा येतात ती मधल्या सुट्टीत दुसऱ्यांकडून ऐकतात, पण सांगणारा मुद्दाम खोटं सांगतो (तिसरीतली पोरं फार बिलंदर असतात), त्यामुळं दुसऱ्या दिवशी खरं काय ते ऐकायला यावंच लागतं.

ह्याचा उपयोग ज्यांचा उशीर स्वतःच्या हातातला आहे त्यांना होतो. अंथरुणात लोळणारे, वाटेत कुत्र्याच्या पिल्लांपाशी थांबणारे, चौकात क्रिकेट बघणारे. त्यांच्यात फरक लगेच दिसला. पण बॅरलवाल्या पोराला गोष्टीचा कितीही नाद लागला तरी नळ त्याच्या हातात नाही. एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की सतत उशिरा येणाऱ्याला जबाबदारी द्या, तो सुधारतो. दिली. त्याला घंटा वाजवायचं काम दिलं. भल्या सकाळी येऊन बसायला लागला, फार रुबाबात होता. मग पाण्याचा दिवस आला. घंटा दुसऱ्यानं वाजवली आणि हा मधल्या सुट्टीपर्यंत कुणाशी बोलला नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी तर आलाच नाही. आता त्याच्याकडं घंटा नाही, ग्रंथालयाच्या पेटीची किल्ली आहे. पेटी दुपारी उघडतात.

आता विड्यांचं घर.

माझ्या वर्गातली एक मुलगी, अक्षर मोत्यासारखं, आठवड्यातून एक-दोन दिवस हमखास नसायची. वहीत कारण एकच, "बारक्याला सांभाळली." शाळा सुटल्यावर गेले. पत्र्याची खोली, दारात आई मांडीवर सूप घेऊन बसलेली. विड्या वळणाऱ्या बाईचे हात बोलताना थांबत नाहीत. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळं बोलणं फुकटचं आणि थांबणं महागाचं. पान उचललं, तंबाखू भरली, वळलं, तोंड मोडलं, दोरा गुंडाळला, टाकली सुपात.

"अक्का, पोरगी परवापासून आली नाही."

"काय करू ओ बाई. ब्रँचला माल द्यायला जायचं असतंय. बारका कुणाकडं ठेवू? सासू हाय, पर तिला दिसत नाही."

"कितीला जाता?"

"दहाला. लाइन असती की. विड्या बघून घेत्यात, मोजून घेत्यात, मग पान-तंबाखू देत्यात. यायला बारा होतंय."

"अंगणवाडी आहे की आमच्या शाळेतच."

"ती अकराला. दहाला कुठं टाकू त्याला?"

एवढंच होतं सगळं. दहा ते अकरा. ह्या एका तासासाठी तिसरीतली हुशार मुलगी पूर्ण दिवस घरी राहत होती, कारण बाराला आई आल्यावर शाळेत जायला तिला लाज वाटायची. आधीच्या शाळेतलं ते फाटक मला अशा वेळी हटकून आठवतं.

मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांनी जरा डोकं खाजवलं, नियम आठवले, मग म्हणाले, बसू द्या बारक्याला परिपाठाला, कोण बघतंय. तेव्हापासून आमच्या परिपाठाला पटावर नसलेले पाहुणे असतात. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण, नाक गळतंय, हातात बिस्किट. राष्ट्रगीताला सगळ्यात ताठ तेच उभे राहतात. अकराला अंगणवाडी उघडली की ताई त्यांना समोरच्या खोलीत सोडून येते. त्या मुलीची ओळ आता आडवी वाचताना बरं वाटतं. तिच्या आईला मी प्रगतिपत्रकाच्या दिवशी आकडा सांगितला नाही. एवढंच म्हटलं, "मागच्या महिन्यापेक्षा ह्या महिन्यात जास्त दिवस आली, आणि बघा काय वाचते." पोरीनं धडा वाचून दाखवला. आईला मराठी वाचता येत नाही, पण अडखळत वाचणं आणि सरळ वाचणं ह्यातला फरक कानाला कळतोच.

व्हॉट्सॲपच्या पालकगटावर माझा फार विश्वास नाही. मोबाईल वडिलांबरोबर मागावर जातो. सकाळचा निरोप रात्री वाचला जातो, आणि खाली सहा जण हात जोडतात. त्यापेक्षा गल्लीतली पोरं कामाची. एका गल्लीतली पाच-सहा मुलं मिळून निघतात, वाटेत एकेकाला हाक मारत. एका गटानं घंटागाडीचं गाणं ही निघायची खूण ठरवली होती, पण घंटागाडी तरी कुठं वेळेवर येते! माझ्या वर्गातल्या एका पोराची आजी सांगते, तिच्या लहानपणी गिरणीचा भोंगा झाला की अख्खं सोलापूर उठायचं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्यांच्या भोंग्यांचे आवाज तिला वेगवेगळे ओळखू यायचे. भोंगे गेले आणि गावाची एक वेळ गेली. आता एका घरात रात्रपाळीचा बाप सकाळी झोपायला येतो आणि त्याच भिंतीपलीकडं दिवसपाळीचा निघतो.

हे उन्हाळ्यात नीट कळतं. सोलापुरात मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि शाळा सकाळची होते. त्या दिवसांत उशिरा येणारी मुलं बदलतात. विड्यांच्या घरातली मुलं सातला टकाटक हजर, कारण आईला ब्रँचला जायला अजून अवकाश असतो. आणि रात्रपाळीच्या घरातली मुलं, जी एरवी साडेदहाला आरामात यायची, ती डोळे चोळत येतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. निर्णय मला मनापासून आवडला. पण एप्रिलच्या सोलापुरात पत्र्याखाली दुपारी एक वाजता वर्ग घेऊन बघा, मग झोप आणि ऊन ह्यात निवड करणं किती अवघड आहे ते कळेल.

सरकारनं हजेरीसाठी पूर्वीपासून काही ना काही केलेलं आहे. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना प्राथमिक शाळेत रोज हजर राहिल्याबद्दल एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायला लागला. त्या काळात एका रुपयाला किंमत होती, नंतर किती वर्षं तो एकच राहिला ते सांगायला नको. १९९५ मध्ये पोषण आहार आला तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. पिशवी घेऊन रांगेत उभे राहिलेले आजचे कितीतरी पालक आहेत, त्यांना विचारा. पुढं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्या असं सांगितलं आणि शाळेत खिचडी आली. खिचडीनं पोरं शाळेत आली ह्यात काडीची शंका नाही. पण खिचडी गैरहजेरीवर चालते, उशिरावर नाही. माझ्याकडं एक पठ्ठ्या होता, ताट घेऊन बरोबर मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी हजर व्हायचा. दप्तर नसलं तरी ताट असायचं. त्यालाही मी आत घेत होते. जेवल्यावर दुपारभर बसायचा ना!

शंभर टक्के उपस्थितीचं प्रशस्तिपत्रक मात्र मी माझ्या वर्गापुरतं बंद केलं. कारण दोन. एक, ते नेहमी त्याच मुलांना मिळतं ज्यांच्या घरात पाण्याला, बारक्याला मोठी माणसं आहेत. दोन, तापानं फणफणलेलं मूल आई घेऊन येते आणि म्हणते, "हजेरी लावा बाई, नंतर नेते." डोळे आलेलं एक पोरगं असंच आलं आणि आठवड्यात अर्धा वर्ग लाल डोळ्यांनी घरी. कॅलिफोर्नियात पंधरा हजारांवर विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास मी वाचला, वरच्या वर्गांतली मुलं होती. आधीच्या पूर्ण हजेरीबद्दल ज्यांना अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची हजेरी पुढं उलट कमी झाली. आपण गरजेपेक्षा जास्तच आलो, असं त्यांना वाटलं असावं, असं संशोधकांचं म्हणणं. माझ्या तिसरीतल्यांना असं वाटेल की नाही कोण जाणे. बक्षिसाची घाई मात्र मला उरली नाही.

सणांशी तर मी भांडतच नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, दुसऱ्या दिवशी माझा वर्ग रिकामा. नवरात्रात मुली बतुकम्मा, म्हणजे तेलुगू घरांतला फुलांचा सण, खेळून रात्री उशिरा झोपतात. कोजागरीला गल्लीच्या गल्ली तुळजापूरला चालत जाते. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या, निघाले, सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा झाला, पुढं होम मैदानावर पाळणे लागले, की दहा दिवस नवा धडा घेण्यात अर्थ नसतो. त्या दिवसांत मी गणित गड्ड्यातलं घेते. पाळण्याचं तिकीट, भेळ, शिट्टी, किती गेले, किती उरले. एकदा एक पोरगा पांढऱ्या बाराबंदीतच सरळ वर्गात आला, काकांबरोबर नंदीध्वजामागं चालून, टोपी अजून डोक्यावर. जेवायच्या आधी झोपला बाकावर. झोपू दिलं.

यात्रेच्या तोंडावर १२ जानेवारी येते. १९३१ साली ह्याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ह्या चार सोलापूरकरांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. मुलं ह्या चौघांच्या पुतळ्यांच्या चौकातून शंभरदा गेलेली असतात. त्या आठवड्यात मी पुस्तक बाजूला ठेवते आणि परिपाठानंतर रोज एका हुतात्म्याविषयी सांगते. ह्या वेळी कुणी फारसं उशिरा येत नाही. यात्रेची झोप अजून डोळ्यांत उतरलेली नसते, हेही खरं.

शिक्षकांचं काय, असं कुणीतरी विचारेलच. विचारायलाच हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिलेली आहेत आणि त्यातलं पहिलं आहे, शाळेत नियमित आणि वेळेवर येणं. मुलांच्या हजेरीबद्दल पालकांना भेटत राहणं हेही त्याच कलमात खाली आहे. आधी आपण, मग पालक, असा क्रम कायदा लिहिणाऱ्यांनी कशासाठी ठेवला ते मला माहीत नाही, पण बरोबर ठेवला. मतदार याद्या, सर्वेक्षणं, प्रशिक्षणं ह्यांत शिक्षक दोन दिवस गेला की तिसऱ्या दिवशी वर्गात मुलं कमी असतात. माझ्या वहीत "बाई नव्हत्या म्हणून" हे कारणही आहे. एकाच मुलानं दिलेलं नाही.

शुक्रवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला, पण बैठक दुपारी तीनला ठेवली की महिला सदस्यांच्या जागी त्यांच्या सह्या येतात. ह्या वेळी संध्याकाळी सातला ठेवली आहे. विषय दोन. एक, अंगणवाडी साडेदहाला उघडता येईल का. सेविकाताईंना मी आधीच भेटले, त्या तयार आहेत, पण त्यांची मदतनीस दोन गल्ल्या पलीकडून येते आणि तिच्याकडंही पाणी त्याच वेळेला असतं. दोन, शाळेला पाण्याची एक मोठी टाकी. समितीतल्या एका बाईंनी कालच मला वाटेत अडवून सांगितलं, "टाकीचं नंतर बघू बाई, आधी अंगणवाडीचं घ्या. मी बोलते." त्या कधीच बोलत नाहीत. म्हणून विषयपत्रिकेत क्रम बदलला.